महागड्या केबलने आवाज खरोखर सुधारतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मध्यम आकाराचे स्पीकर आहेत आणि ते तीन मीटर लांबीच्या साध्या तांब्याच्या वायरने जोडलेले आहेत. एका हौशी मित्राने स्वतःची चांदीची केबल आणून जोडून दाखवली, तेव्हा आवाज मोकळा झाल्याचे आणि गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येऊ लागल्याचे तुम्हाला स्पष्ट जाणवले. विक्रेता म्हणतो की एकूण खर्चाचा पाचवा हिस्सा केबलवर घालायचाच असतो, तर अभियंता असलेला तुमचा भाऊ म्हणतो की हे सगळे थोतांड आहे. आपले कान खरे मानावेत की भावाचे गणित, असे तुम्ही विचारले आहे.

ध्वनिमुद्रणाच्या खोल्या उभारणे आणि बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणे या कामात माझी तीस वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचे दोघांचेही खरे असू शकते. तुम्हाला फरक जाणवला यावर मी अविश्वास दाखवणार नाही. त्या दिवशी तुमच्या कानांपर्यंत पोहोचलेला आवाज प्रत्यक्षातही थोडा वेगळा असण्याची बरीच शक्यता आहे. मात्र तो फरक चांदीमुळे पडला, हा निष्कर्ष त्या प्रसंगातून निघत नाही. असे का म्हणतो, ते समजण्यासाठी आधी भावाचे गणित पुरते मांडू, कारण बहुतेक वेळा ते अर्धवटच मांडले जाते आणि मग कान असलेल्या माणसाला ते उर्मट वाटते.

ऐकू येणाऱ्या वारंवारतांच्या मर्यादेत, म्हणजे २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पट्ट्यात, स्पीकरच्या केबलला विद्युतदृष्ट्या तीनच गुण असतात: रोध, इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) आणि कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता). यांत सर्वांत महत्त्वाचा रोध. २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम असतो. तीन मीटरच्या केबलमध्ये जाणारी आणि येणारी अशी सहा मीटर तार येते, म्हणजे एकूण रोध ०.०४ ओहमच्या आसपास. तेवढ्याच जाडीची शुद्ध चांदीची तार घेतली तर चांदी तांब्यापेक्षा सुमारे ६ टक्केच अधिक सुवाहक असल्यामुळे हा आकडा ०.०४ वरून ०.०३८ वर येतो. तुमच्या मित्राच्या केबलने घडवलेला बदल एवढाच आहे: एका ओहमचे दोन-अडीच सहस्रांश. तांब्याचीच तार दोन वीत आखूड केली असती तरी साधारण तितकाच फरक पडला असता.

आता हा आकडा ज्या परिपथात बसतो तो परिपथ पाहा. आठ ओहमचा म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पीकरच्या व्हॉइस कॉइलचा, म्हणजे शंकू हलवणाऱ्या वेटोळ्याचा, स्वतःचा रोध साधारण साडेपाच ते साडेसहा ओहम असतो. ही कॉइल म्हणजे कित्येक मीटर लांबीची, केसासारखी बारीक, तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची साधी तार. तिच्याआधी क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे उंच आणि खालचे स्वर वेगळे करणाऱ्या परिपथात, एखादे इंडक्टर असते, तेही साध्या तारेच्या वेटोळ्यांचेच, आणि त्याचा रोध सहज ०.२ ते ०.५ ओहम भरतो. शिवाय तांबे तापले की दर अंश सेल्सियसला त्याचा रोध सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. मोठ्या आवाजात व्हॉइस कॉइल ५० अंशांनी तापली, तर सहा ओहमचे सव्वासात ओहम होतात. म्हणजे गाण्याच्या जोरकस भागात स्पीकर स्वतःहून एक ओहमाहून अधिक बदलतो, आणि तो बदल आपण रोज ऐकतो. त्याच परिपथात ओहमच्या दोन सहस्रांशांनी आवाजावरचा पडदा दूर होतो, असे मानायचे असेल तर त्यासाठी फार भक्कम पुरावा हवा. ‘डॅम्पिंग फॅक्टर’, म्हणजे शंकूची हालचाल आवरण्याची क्षमता, वाढवणाऱ्या केबलची जाहिरात वाचताना हीच साडेसहा ओहमची कॉइल डोळ्यांसमोर ठेवावी. शंकूला आवर घालणारा प्रवाह तिच्यातूनही वाहतो आणि तिला वळसा घालण्याची सोय कोणत्याच केबलमध्ये नसते.

इंडक्टन्सची गोष्टही तशीच आहे. समांतर दोन तारांच्या साध्या केबलचा इंडक्टन्स मीटरला साधारण ०.६ ते ०.७ मायक्रोहेन्री धरला, तर तीन मीटरला दोन मायक्रोहेन्री होतात आणि २० किलोहर्ट्झवर त्याचा अडथळा पाव ओहम होतो. पाव ओहम ऐकायला मोठा वाटतो, पण तो स्पीकरच्या रोधाशी काटकोनात मिळवायचा असतो. आठ ओहमशी मिळवल्यावर पातळीत पडणारी घट डेसिबलच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी भरते. ‘स्किन इफेक्ट’चा बागुलबुवाही इथेच उरकून घेऊ. उच्च वारंवारतेला प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळ वाहू लागतो हे अगदी खरे आहे. तांब्यात २० किलोहर्ट्झला ही खोली ०.४६ मिलिमीटर असते. आपल्या तारेची त्रिज्या ०.९ मिलिमीटर असल्यामुळे तिचा रोध तिथे पाव हिश्श्याने वाढतो असे धरले, तरी ०.०४ चे ०.०५ ओहम होतात. परिणाम खरा, नाव भारदस्त आणि आकार नगण्य, अशा गोष्टी या व्यापारात पदोपदी भेटतात. केबलची ‘कॅरेक्टरिस्टिक इम्पिडन्स’ (इम्पिडन्स म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) स्पीकरशी जुळवण्याचा दावा तर त्याहून पोकळ आहे. केबलमध्ये २० किलोहर्ट्झच्या संकेताची तरंगलांबी सुमारे १० किलोमीटर असते, आणि तिच्यापुढे तीन मीटर केबलला संप्रेषणवाहिनी, म्हणजे लहरी वाहून नेणारी लांब वाट, म्हणून काही अर्थ उरत नाही.

मात्र हेच गणित उलट बाजूनेही वापरले पाहिजे. सगळ्या वायर सारख्या असतात, असे तुमच्या भावाने म्हटले असेल तर तो चुकतो आहे. टेबलावरच्या दिव्याला असते तशी ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर दहा मीटर ओढली, तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.७ ओहम होतो. स्पीकरची इम्पिडन्स वारंवारतेनुसार ४ ओहमपासून ३० ओहमपर्यंत हलत असेल, तर ४ ओहमच्या जागी जवळजवळ १.४ डेसिबलची घट होते आणि ३० ओहमच्या जागी फक्त ०.२ डेसिबलची. म्हणजे स्पीकरच्या एकूण स्वरसमतोलात सव्वा डेसिबलचा चढउतार घुसतो, आणि तो नीट कान देणाऱ्याला निश्चित ऐकू येतो. तुमच्या ०.०४ ओहमच्या केबलने हाच चढउतार डेसिबलच्या बाराव्या भागाएवढा होतो. येण्याजाण्याचा एकूण रोध स्पीकरच्या किमान इम्पिडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, हा जुना दंडक पुरेसा आहे. मी स्वतः २ टक्क्यांच्या आत ठेवतो, कारण साधी जाड वायर घेण्यात कंजुषी करण्यासारखे काही नसते.

१९८३ साली ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी स्पीकर केबलची एक चाचणी प्रसिद्ध केली होती. सुमारे नऊ मीटर लांबीच्या तीन वायर होत्या: एक जाड आणि महाग, दुसरी दिव्याला वापरतात तशी साधी १६ गेजची आणि तिसरी २४ गेजची अगदी बारीक. संगीत ऐकताना महाग वायर आणि साधी १६ गेजची वायर श्रोत्यांना वेगळी ओळखता आली नाही. बारीक वायर मात्र वेगळी पडली. २४ गेजच्या वायरचा त्या लांबीला एकूण रोध दीड ओहम भरतो, तेव्हा गणितही तेच सांगत होते. कान आणि गणित यांचे भांडण लावून दिले जाते, पण नीट घेतलेल्या चाचणीत ते बहुधा एकाच बाजूला सापडतात.

आता वळू त्या केबलकडे, जी सीडी प्लेअर किंवा डीएसी (डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर करणारे उपकरण) यांच्यापासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाते. इथे प्रवाह नगण्य असतो, म्हणून रोधाला महत्त्व नसते. प्रश्न असतो तो कपॅसिटन्सचा आणि बाहेरून शिरणाऱ्या गोंगाटाचा. मीटरला १०० पिकोफॅरडची एक मीटर साधी केबल आणि पाठवणाऱ्या उपकरणाची आउटपुट इम्पिडन्स अगदी १००० ओहम धरली, तरी उच्च वारंवारतेतली घट दीड मेगाहर्ट्झच्या पलीकडे सुरू होते. वटवाघळालासुद्धा इथे तक्रार करायला जागा नाही.

एक ठिकाण असे आहे की जिथे मी स्वतः केबल मोजून निवडतो, आणि ते म्हणजे तबकडी वाजवणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरचे मूव्हिंग मॅग्नेट जातीचे कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या कंपनांचा विद्युतसंकेत करणारा भाग. त्याच्या आत जवळजवळ अर्ध्या हेन्रीचे इंडक्टन्स असते, आणि केबल व अ‍ॅम्प्लिफायर यांचा मिळून जो कपॅसिटन्स होतो त्याच्याशी त्याचे अनुनादन (रेझोनन्स) जुळते. एकूण कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड असेल तर हे अनुनादन १६ किलोहर्ट्झजवळ येते आणि ४०० झाला तर ११ किलोहर्ट्झजवळ. हा फरक मापकयंत्रावर दिसतो आणि कानालाही कळतो. इलेक्ट्रिक गिटारच्या लांब केबलमुळे आवाज बोथट होतो, त्याचेही कारण हेच. गंमत अशी की या कामासाठी लागणारी कमी कपॅसिटन्सची केबल महाग नसते, आणि महाग केबलच्या वेष्टनावर तिचा कपॅसिटन्स किती हे अनेकदा छापलेलेच नसते. जो एकमेव आकडा ग्राहकाच्या उपयोगाचा, तोच गाळलेला असतो.

गोंगाटाच्या बाबतीत स्टुडिओ आणि रंगमंच यांच्याकडे पाहावे. तिथे मायक्रोफोनचा काही मिलिव्होल्टचा नाजूक संकेत साध्या, दणकट, बॅलन्स्ड (एकमेकांच्या उलट संकेताच्या दोन तारा वापरून गोंगाट कापणाऱ्या) केबलमधून पन्नास-शंभर मीटर सहज जातो. तुम्ही ज्या गायिकेचा श्वास ऐकण्यासाठी चांदी विकत घ्यायचा विचार करता आहात, तो श्वास मुद्रित होताना अशाच केबलमधून, अनेक जोडण्यांतून आणि डझनभर ऑपअ‍ॅम्पमधून, म्हणजे छोट्या अ‍ॅम्प्लिफायर चिपांमधून, पार झालेला आहे. तो तिथे हरवला असेल तर शेवटचे तीन मीटर तो परत आणू शकत नाहीत, आणि तिथे टिकला असेल तर शेवटच्या तीन मीटर साध्या तांब्याला तो गिळण्याचे काही कारण नाही. घरात ‘हम’ येत असेल, म्हणजे वीजपुरवठ्याच्या वारंवारतेचा घुमारा ऐकू येत असेल, तर बहुधा तो दोन उपकरणांच्या अर्थिंगमधल्या फेऱ्यामुळे असतो. दोन्ही उपकरणे एकाच सॉकेटपट्टीवर घेणे, बॅलन्स्ड जोडणी वापरणे किंवा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवणे, हे त्यावरचे उपाय आहेत. अर्थिंगची पिन काढून टाकून हम घालवण्याचा सल्ला मिळाला तर तो मुळीच ऐकू नये. त्यात जीव जाऊ शकतो.

मग तुम्ही त्या दिवशी काय ऐकले? माझ्या मते प्रश्नाचा हाच भाग सर्वांत रंजक आहे, आणि संशयवादी मंडळी नेमका तोच ‘भास’ या एका शब्दात निकालात काढतात.

पहिली शक्यता अगदी पार्थिव आहे. तुमच्या जुन्या वायरची टोके काही वर्षे स्पीकरच्या खुंट्यांमध्ये तशीच होती. त्यांवर ऑक्साइडचा थर चढतो, स्क्रू ढिले होतात, तारेचे काही धागे तुटतात. मित्राने ती सोडवून नवी केबल घट्ट आवळली, तेव्हा संपर्क स्वच्छ झाला. खराब संपर्काचा रोध अस्थिर असतो आणि त्यामुळे आवाजात खरी विकृती येऊ शकते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या कितीतरी यंत्रणा केवळ प्लग काढून, पुसून, पुन्हा बसवल्यावर बऱ्या झाल्या आहेत. तुमच्या मित्राने जुनीच वायर काढून, टोके नव्याने सोलून परत जोडली असती तर काय झाले असते, हे त्या दिवशी कोणी तपासले नाही.

दुसरी शक्यता बसण्याच्या जागेची. १० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरपेक्षाही कमी असते. स्पीकरमधून थेट येणारा आवाज आणि भिंतीवरून, टेबलावरून परतणारा आवाज यांची बेरीज प्रत्येक बिंदूवर वेगळी होते. डोके वीतभर सरकले की उंच स्वरांचा आलेख बदलतो. खालच्या स्वरांत तर खोलीचेच राज्य असते. पाच मीटर लांब खोलीचे पहिले अनुनादन ३४ हर्ट्झला येते, आणि त्या पट्ट्यात एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर गेल्यास दहा-पंधरा डेसिबलचा फरक पडणे मुळीच विशेष नाही. केबल बदलताना कोणीतरी स्पीकर पुढे ओढतो, मग तो अंदाजाने मागे सरकवतो, आपण उठून पाहायला जातो आणि परत येऊन थोडे वेगळे बसतो, अधिक ताठ आणि अधिक पुढे झुकून. या प्रत्येक हालचालीने पडणारा फरक आपण वर काढलेल्या केबलच्या आकड्यांपेक्षा कितीतरी पट मोठा असतो.

तिसरी शक्यता पातळीची. दोनतीन दशांश डेसिबलने मोठा असलेला आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही. तो ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक जिवंत’ वाटतो. म्हणून गंभीर तुलनेत पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवून घेतात, आणि तीही स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून, कानाने नव्हे. केबल बदलताना अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा लागतो. परत सुरू केल्यावर आवाजाची खुंटी नेमकी त्याच जागी नेली होती का?

आणि चौथी शक्यता आपल्या मनाची, जिच्याबद्दल लाजण्यासारखे काही नाही. मेंदू ऐकताना फक्त कानांकडून आलेली माहिती वापरत नाही. डोळे, अपेक्षा, शेजारच्या माणसाचा चेहरा, सगळे त्यात मिसळते. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली स्पीकरवर केलेला प्रयोग या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. तेच श्रोते, तेच स्पीकर, पण एकदा स्पीकर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना दिलेले गुण स्पीकरच्या रूपाकडे आणि ख्यातीकडे झुकले; पडद्याआड ते अंतर आक्रसले, आणि दिसताना दुर्लक्षित झालेला स्पीकरच्या जागेचा परिणाम मात्र स्पष्टपणे पुढे आला. श्रोते ध्वनिक्षेत्रातल्या कंपनीतलेच कर्मचारी होते. अनुभवाने आपण या परिणामातून सुटत नाही. मीही सुटलो नाही: एका मुद्रणाच्या मिश्रणात मी अर्धा तास एका इक्वलायझरची, म्हणजे स्वरसमतोल बदलणाऱ्या यंत्राची, खुंटी फिरवत, आवाज ‘अगदी बरोबर’ जागेवर आणून ठेवला, आणि मग लक्षात आले की तो इक्वलायझर बायपासवर, म्हणजे संकेताच्या वाटेतून वगळलेला, होता. माझ्या व्यवसायातल्या कोणालाही विचारा, ही गोष्ट त्याच्या बाबतीतही घडलेली असते. कबूल करील की नाही, हे माणसावर अवलंबून. दुसऱ्यांदा तेच गाणे ऐकताना आपण पहिल्या वेळी न ऐकलेले तपशील ऐकतो, हेही यात धरा. गायिकेचा श्वास आधीही तिथेच होता. तो शोधायला तुम्हाला मित्राने सांगितले नव्हते.

‘पण केबल शंभर तास वाजल्यावर उघडते’, असे मित्र म्हणेल. स्पीकरच्या शंकूची किनार नवीन असताना थोडी ताठ असते आणि पहिल्या काही तासांत सैल होते, हे मोजता येते. तांब्याच्या तारेत असे काही सैल होणारे नसते. शंभर तासांत जे बदलते ते ऐकणाऱ्याचे कान आणि त्याची सवय. आणि माल परत करण्याची मुदतही दरम्यान संपत येते. केबलवर छापलेल्या दिशेच्या बाणाबद्दल मात्र सरसकट हसू नये. काही केबलमध्ये आतली जाळी एकाच टोकाला जोडलेली असते आणि ती कोणत्या बाजूला यावी यासाठी बाणाचा उपयोग असतो. संकेत स्वतः सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो, त्यामुळे स्पीकरच्या तारेवरचा बाण निव्वळ शोभेचा.

‘ऑक्सिजनविरहित तांबे’ हा शब्दही तुमच्या विक्रेत्याने वापरला असणार. विजेच्या कामाला लागणारे नेहमीचे शुद्ध तांबे आणि हे तांबे यांच्या वाहकतेत सुमारे एक टक्क्याचा फरक असतो. त्या तांब्याचे खरे उपयोग निर्वात नलिका आणि हायड्रोजनच्या वातावरणात तापवले जाणारे भाग अशा ठिकाणी आहेत. सोन्याचा मुलामा दिलेले प्लग घेण्यास हरकत नाही, पण कारण नीट समजून घ्यावे: सोने तांब्यापेक्षा कमी सुवाहक आहे, ते केवळ गंजत नाही म्हणून वापरतात.

डिजिटल केबलबद्दल मी फार लिहीत नाही, कारण तिथे फरक पडण्याची वाट अधिकच अरुंद आहे. यूएसबी किंवा एचडीएमआय केबल वाईट असेल तर आवाज कमी मखमली होत नाही. तो तुटतो, कडकड करतो किंवा नाहीसा होतो. नेटवर्कच्या केबलमधून येणारी फाइल चुकीची आली तर पुन्हा मागवली जाते आणि आधी स्मृतीत साठवली जाते. वाजण्याच्या क्षणाशी त्या केबलचा संबंध उरलेला नसतो. ‘जिटर’चा, म्हणजे संकेताच्या वेळेतल्या सूक्ष्म थरथरीचा, मुद्दा एके काळी काही उपकरणांत खरा होता, पण असिंक्रोनस पद्धतीच्या डीएसीमध्ये घड्याळ डीएसीचेच चालते. एक खरी अडचण राहते, ती म्हणजे संगणकाच्या अर्थिंगचा गोंगाट यूएसबीच्या तारेतून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचणे. तो ऐकू येत असेल तर ऑप्टिकल जोडणी घ्यावी. ऑप्टिकल केबलमध्ये धातूचा दुवाच नसतो, मग चांदी कुठून येणार?

विजेच्या महाग केबलबद्दल एवढेच म्हणतो की वीज तुमच्यापर्यंत कित्येक किलोमीटर साध्या तारांतून येते, भिंतीतही साध्याच वायरमधून फिरते, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या आत शिरताच ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर तिचे रूपच बदलतात. मधल्या दीड मीटरला इथे विशेष भूमिका नाही. फ्यूजच्या बाबतीत मात्र मी गमतीने बोलत नाही. ‘श्राव्य गुणवत्तेचा’ म्हणून विकला जाणारा फ्यूज ठरलेल्या प्रवाहाला आणि ठरलेल्या वेळेत वितळतो, याचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र त्याच्यावर नसेल, तर तो घरात घेऊ नये. फ्यूजचे काम आवाज सुधारणे नसून आग लागू न देणे हे आहे. केबल जमिनीपासून उचलून धरणारे चिनी मातीचे ठोकळे, सीडीच्या कडेला लावायची हिरवी शाई, प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीतले नसलेले चुंबकत्व काढणारी यंत्रे, यांवर मी वेळ घालवत नाही.

महाग केबलने नुकसानही होऊ शकते, हे फारसे कोणी सांगत नाही. अनेक बारीक, वेगवेगळे आवरण असलेल्या तारा एकमेकींत विणून इंडक्टन्स कमी केलेल्या केबलचा कपॅसिटन्स फार वाढतो. काही अ‍ॅम्प्लिफायरना असा भार सोसत नाही. ते ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर आंदोलित होऊ लागतात, तापतात आणि शेवटी आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात. अशा दोनतीन अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती मी केली आहे, आणि एका मालकाने मला सांगितले होते की जळण्याआधी आवाज ‘फार मोकळा’ झाला होता.

आंधळ्या चाचणीवर, म्हणजे कोणती केबल जोडली आहे हे ऐकणाऱ्याला न कळू देता घेतलेल्या चाचणीवर, नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की तिच्या ताणाखाली सूक्ष्म फरक निसटतात. आक्षेप विचार करण्याजोगा आहे, म्हणून त्याला उत्तर देतो. चाचणीत घाई करण्याचे बंधन नसते. एक केबल आठवडाभर ठेवा, मग दुसरी आठवडाभर, फक्त कोणती आहे हे कळता कामा नये. शिवाय अशाच चाचण्यांत प्रशिक्षित श्रोते एमपी३सारख्या संकोचनातील फार बारीक दोष पकडतात, आणि संकोचनाच्या पद्धती घडवताना त्यांच्या कानांवरच भिस्त असते. ताणाने कान बोथट होत असते तर ते तिथेही झाले असते. १९८२ साली डेव्हिड क्लार्क यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात ज्या एबीएक्स तुलनायंत्राचे वर्णन केले, त्यात ऐकणारा स्वतः हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा बटण दाबून केबल बदलू शकतो. उलट बाजूचा एक अतिरेकही इथे नोंदवतो. चमत्कारांचे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी २००७ साली महाग स्पीकर केबल साध्या केबलपेक्षा सरस असल्याचे सिद्ध करणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते, आणि संशयवादी त्याचा दाखला निर्णायक म्हणून देतात; पण ती चाचणी प्रत्यक्षात झालीच नाही, त्यामुळे तिच्यावरून कोणत्याच बाजूने काही सिद्ध होत नाही.

पाचव्या हिश्श्याच्या नियमाला कोणताही तांत्रिक आधार मला आजवर मिळालेला नाही. स्पीकरची किंमत दुप्पट झाली म्हणून त्याला दुप्पट महाग तार लागत नाही. तार ठरते ती लांबी आणि इम्पिडन्स यांवरून. तुमच्या तीन मीटरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरून उरते. ती घेताना एक फसवणूक मात्र टाळा: तांब्याचा पातळ मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर दिसायला तशीच असते, पण तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट भरतो. चाकूने एक धागा खरवडला की आतला पांढरा धातू दिसतो. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर याच्या उलट, वरून पांढरी आणि आतून तांबडी, आणि ती चांगली असते. टोके स्वच्छ ठेवा, वर्षातून एकदा आवळा. केबलसाठी बाजूला ठेवलेली रक्कम खर्च करायचीच असेल तर ती आधी खोलीवर करा: पहिल्या परावर्तनाच्या जागी भिंतीवर जाड शोषक पट्ट, स्पीकर भिंतीपासून दूर नेण्यासाठी चांगले स्टँड, किंवा खालच्या स्वरांचे मोजमाप करण्यासाठी एक मापनाचा मायक्रोफोन.

मित्राचे मन मोडायचे नसेल तर त्याच्याबरोबर पुढची सुटीची दुपार अशी घालवा. दोन्ही केबलची टोके स्वच्छ करा. स्पीकर आणि खुर्ची यांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून घ्या. अ‍ॅम्प्लिफायर पडद्याआड ठेवा आणि तिथे तिसऱ्या माणसाला बसवा. तो प्रत्येक फेरीला नाणे उडवून केबल ठरवील, कागदावर लिहून ठेवील, आणि छाप आला काय अन् काटा आला काय, दर वेळी दोन्ही टोके सोडवून पुन्हा जोडील, म्हणजे खडखडाटावरून अंदाज येणार नाही. फेरी संपेपर्यंत त्याने तुमच्यासमोर येऊ नये, कारण चेहरा बोलतो. अशा सोळा फेऱ्या करा आणि किती बरोबर येतील ते आधीच लिहून ठेवा. निव्वळ अंदाजाने सोळापैकी दहा किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता जवळजवळ २३ टक्के असते, म्हणून दहावर जल्लोष करू नका. बारा किंवा अधिक येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. बारा आले तर मला जरूर कळवा, मी ते गंभीरपणे घेईन. पण सोबत दोन्ही केबलचे ओहममध्ये मोजलेले रोध आणि त्यांची लांबीही लिहून पाठवा.